ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावरची जागा : एका वारसा वास्तूचे प्रकरण

२६ जून १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निकाल दिला की, न्यूयॉर्क शहराने ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकावर पन्नासहून अधिक मजल्यांचा टॉवर बांधण्यास मालक कंपनीला परवानगी नाकारली, ती घटनाबाह्य नव्हती आणि त्याबद्दल शहराने भरपाई देण्याची गरज नाही. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की या निकालाचा दाखला हमखास दिला जातो. तो बहुधा नागरिकांच्या लढ्याची आणि न्यायालयाच्या विवेकाची कथा म्हणून सांगितला जातो. ती बाजू खोटी नाही, परंतु तिच्यामागे एक रुक्ष प्रश्न दडलेला आहे आणि नगररचनेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे: शहराच्या सर्वांत महागड्या भागात एखाद्या वास्तूवर बांधायचे राहून गेलेले लाखो चौरस फूट बांधकाम शेवटी कोठे जाते, ते कोणाच्या नावावर राहते आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात? न्यायालयाने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे मिळायला आणखी चार दशके लागली.

स्थानक उभे राहिले ते हवेच्या किमतीवर

या प्रकरणातला विरोधाभास स्थानकाच्या जन्मातच आहे. ८ जानेवारी १९०२ रोजी पार्क ॲव्हेन्यूखालच्या बोगद्यात वाफेच्या इंजिनाच्या धुरामुळे सिग्नल दिसला नाही, एक गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली आणि पंधरा प्रवासी जागीच ठार झाले. त्यानंतर मॅनहॅटनमध्ये १९०८ पासून वाफेच्या इंजिनांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला विजेकडे वळण्यावाचून पर्याय उरला नाही. कंपनीचे मुख्य अभियंता विल्यम विल्गस यांनी या सक्तीतून एक विलक्षण हिशेब मांडला. वाफेची इंजिने धूर सोडत असल्याने त्यांचे यार्ड उघडेच ठेवावे लागत असे. विजेच्या गाड्यांचे यार्ड जमिनीखाली दोन मजल्यांत बसवून वरून झाकता येणार होते. झाकलेल्या यार्डावरची मोकळी जागा, म्हणजेच रुळांच्या वरची हवा, इमारती बांधण्यासाठी भाड्याने देता येईल आणि त्या उत्पन्नातून विद्युतीकरणाचा व नव्या स्थानकाचा खर्च निघेल, अशी त्यांची योजना होती. पार्क ॲव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना पुढे जी हॉटेले आणि निवासी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेकींच्या तळघराखाली आजही रूळ आहेत.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी खुले झालेले हे स्थानक रीड अँड स्टेम आणि वॉरन अँड वेटमोर या दोन वास्तुरचना संस्थांनी मिळून घडवले. दक्षिणेकडचा दगडी दर्शनी भाग, त्यावरील भव्य घड्याळ व शिल्पसमूह, आणि आत २७५ फूट लांब, १२० फूट रुंद व १२५ फूट उंच मुख्य दालन ही त्याची ठळक अंगे. मूळ आराखड्यात स्थानकाच्या वर वीस मजल्यांचा कार्यालयीन टॉवरही होता. तो बांधला गेला नाही. साठ वर्षांनी कंपनीने ज्या हक्कासाठी न्यायालय गाठले, तो म्हणजे आकाशातून पडलेली नवी कल्पना नव्हती. मूळ संकल्पनाच वर बांधण्याची होती, आणि प्रतिपक्षाची बाजू समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवे.

१९६० चे दशक

दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग आणि विमाने आली, लांब पल्ल्याचे रेल्वे प्रवासी आटले आणि अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांना आपल्या शहरांमधल्या जमिनी हीच खरी मालमत्ता वाटू लागली. ग्रँड सेंट्रल पाडून तेथे गगनचुंबी इमारत उभारण्याचे प्रस्ताव १९५४ पासूनच येत होते. मुख्य दालनाच्या उत्तरेस, कंपनीच्याच एका कमी उंचीच्या कार्यालयीन इमारतीच्या जागी, १९६३ मध्ये ५९ मजल्यांची पॅन ॲम इमारत उभी राहिली आणि पार्क ॲव्हेन्यूवरून दिसणारे मोकळे आकाश कायमचे बंद झाले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला पेनसिल्व्हेनिया स्थानक पाडायला सुरुवात झाली. १९१० साली पूर्ण झालेली, रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेली ती वास्तू तीन वर्षांत जमीनदोस्त झाली, आणि रेल्वेची सगळी वर्दळ नव्या क्रीडागृहाखालच्या तळघरात ढकलली गेली. ते पाडकाम थांबवू शकेल असा कोणताही कायदा शहरापाशी नव्हता.

या धक्क्यातून १९ एप्रिल १९६५ रोजी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांच्या सहीने न्यूयॉर्कचा वारसा जतन कायदा अस्तित्वात आला. त्याने अकरा सदस्यांचा लँडमार्क्स आयोग स्थापन केला. त्यात किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार, एक नगररचनाकार किंवा भूदृश्य रचनाकार आणि एक स्थावर मालमत्ता व्यावसायिक असावा, शिवाय शहराच्या पाचही विभागांचा किमान एकेक रहिवासी असावा, अशी अट होती. किमान तीस वर्षे जुनी वास्तू आयोग वारसा म्हणून घोषित करू शकत असे. घोषणेनंतर बाह्यरूप सुस्थितीत राखणे मालकावर बंधनकारक होते आणि बाहेरच्या कोणत्याही बदलासाठी आयोगाची पूर्वसंमती लागत असे. मालकाची अडचणही कायद्याने विचारात घेतली होती: वास्तूतून वाजवी परतावा, म्हणजे करआकारणी मूल्याच्या सहा टक्के निव्वळ वार्षिक उत्पन्न, मिळत नसेल तर करसवलतीसारखे उपाय शोधण्याची तरतूद त्यात होती. वास्तू वाचवायची तर मालकाचे पोट कसे भरणार, हा प्रश्न कायद्याच्या मसुद्यातच विचारलेला होता. आपल्याकडच्या वारसा नियमांमध्ये नेमके हेच फारसे विचारले गेले नाही. त्याकडे पुढे येतो.

२ ऑगस्ट १९६७ रोजी ग्रँड सेंट्रल वारसा वास्तू म्हणून घोषित झाले. कंपनीने सुनावणीत विरोध नोंदवला, परंतु घोषणेला न्यायालयात आव्हान दिले नाही.

दोन आराखडे

२२ जानेवारी १९६८ रोजी, न्यूयॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया या दोन रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या तोंडावर, यूजीपी प्रॉपर्टीज या विकासक कंपनीशी पन्नास वर्षांचा नूतनीकरणक्षम भाडेपट्टा झाला. बांधकाम चालू असताना विकासकाने वर्षाला १० लाख डॉलर आणि त्यानंतर वर्षाला किमान ३० लाख डॉलर द्यायचे होते. नव्या बांधकामामुळे स्थानकातली काही दुकाने हटणार असल्याने त्यांच्याकडून मिळणारे वर्षाचे सात ते दहा लाख डॉलर बुडणार होते, तेवढी वजावट धरली तरी विलीनीकरणातून जन्मलेल्या पेन सेंट्रल कंपनीसाठी हा मोठा सौदा होता. कंपनीची आर्थिक घसरण तेव्हाच सुरू झाली होती आणि जून १९७० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.

विकासकाने आराखड्यांसाठी मार्सेल ब्रॉयर या नामांकित आधुनिकतावादी वास्तुविशारदाची निवड केली. पहिल्या आराखड्यात जुना दर्शनी भाग तसाच ठेवून त्याच्या वर ५५ मजल्यांची कार्यालयीन इमारत अधांतरी उचलली जाणार होती. दुसऱ्यात ४२व्या रस्त्याकडचा दर्शनी भागच काढून टाकून ५३ मजल्यांचा टॉवर उभारायचा होता. विभागीय बांधकाम नियमांत दोन्ही आराखडे बसत होते, ही बाब महत्त्वाची आहे, कारण हा वाद बेकायदा बांधकामाचा कधीच नव्हता.

आयोगाने दोन्ही प्रस्ताव फेटाळले. दुसऱ्याबद्दल त्याचे म्हणणे थोडक्यात होते: वारसा वास्तूचे रक्षण करायचे म्हणून ती पाडता येत नाही आणि तिची वैशिष्ट्ये टिकवायची म्हणून ती ओरबाडून काढता येत नाहीत. पहिल्यावर आयोगाने अधिक विचार केला. वारसा वास्तूला नवी जोड देण्यावर कायद्याने सरसकट बंदी नव्हती. प्रश्न जोड कोणती, केवढी आणि कशी, हा होता. अलंकृत दर्शनी भागाच्या डोक्यावर ५५ मजले तोलून धरणे हा सौंदर्यदृष्टीची थट्टा करण्याचा प्रकार आहे, असा शेरा आयोगाने मारला. स्थानकाच्या चौपट उंच टॉवरच्या प्रचंड वस्तुमानापुढे ते निव्वळ कुतूहलाची वस्तू उरेल, असा त्याचा रोख होता.

इथे कंपनीने एक निर्णय घेतला, जो पुढे तिच्या अंगाशी आला. आयोगाच्या नकाराची कायदेशीर छाननी तिने मागितली नाही आणि लहान किंवा स्थानकाशी अधिक सुसंगत असा तिसरा आराखडाही दिला नाही. तिने थेट असा दावा लावला की, शहराने भरपाई न देता आपली मालमत्ता हिरावून घेतली आहे. अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार खासगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घेतली तर न्याय्य मोबदला द्यावा लागतो. जमीन प्रत्यक्ष ताब्यात न घेता, नुसत्या निर्बंधानेही ती 'घेतली' गेली असे म्हणता येते का, हा कळीचा मुद्दा होता.

न्यायालयांतली वाट

जानेवारी १९७५ मध्ये पहिल्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. न्यूयॉर्क शहर तेव्हा स्वतःच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. अपील हरलो तर भरपाई कोठून द्यायची, या धास्तीने अपील करावे की नाही यावर महापौर एब बीम यांचे प्रशासन घुटमळत होते. याच काळात म्युनिसिपल आर्ट सोसायटी या जुन्या नागरी संस्थेच्या पुढाकाराने बचाव समिती स्थापन झाली. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस यांची नावे समितीबरोबर आल्याने वृत्तपत्रांनी विषय उचलला. ओनासिस यांनी महापौरांना अपील करण्याची विनंती करणारे पत्र लिहिले आणि शहराने अपील केले. प्रसिद्ध व्यक्तींचे योगदान मोजताना मला इतकेच महत्त्वाचे वाटते: त्यांनी न्यायालयाचे मत बदलले नाही, पण खचलेल्या महापालिकेला न्यायालयात टिकवून धरले. अपीलच झाले नसते तर पहिला निकाल कायम राहिला असता, आणि देशभरातल्या वारसा कायद्यांच्या पायालाच सुरुंग लागला असता.

डिसेंबर १९७५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. मालकाला सर्वाधिक नफ्याचा वापर करता आला नाही, एवढ्याने मालमत्ता हिरावली असे होत नाही. वाजवी परतावा अशक्य झाला हे त्याने दाखवायला हवे होते, असे त्याने म्हटले. १९७७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो कायम ठेवताना मुख्य न्यायाधीश चार्ल्स ब्रायटेल यांनी एक वेगळाच युक्तिवाद मांडला. त्यांच्या मते ग्रँड सेंट्रलच्या जागेची किंमत एकट्या कंपनीने निर्माण केलेली नाही. सार्वजनिक सवलती, भुयारी रेल्वेचे जाळे, भोवतालचे रस्ते आणि शहराची गर्दी यांनी ती वाढवली आहे, आणि समाजाने निर्माण केलेल्या त्या हिश्श्यावर परतावा मागण्याचा मालकाला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा विचार पुढे स्वीकारला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. परंतु मेट्रोमार्गाच्या कडेला रातोरात वाढणाऱ्या जमिनीच्या दरांकडे पाहणाऱ्या कोणाही मुंबईकराला किंवा पुणेकराला तो पटकन समजेल.

१७ एप्रिल १९७८ रोजी वॉशिंग्टनमध्ये युक्तिवाद झाले. आदल्या दिवशी समितीचे समर्थक, ओनासिस यांच्यासह, न्यूयॉर्कहून खास गाडी करून तेथे पोहोचले होते.

न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिलेला बहुमताचा निकाल तीन कसोट्यांभोवती फिरतो: निर्बंधाचा मालकावर झालेला आर्थिक परिणाम, गुंतवणूक करताना त्याने धरलेल्या वाजवी अपेक्षांवर झालेला आघात आणि शासनाच्या कृतीचे स्वरूप. कंपनीचा मुख्य युक्तिवाद असा होता की, स्थानकाच्या वरचे अवकाश ही स्वतंत्र मालमत्ता आहे आणि तिचे मूल्य शून्यावर आले आहे. न्यायालयाने मालमत्तेचे असे तुकडे पाडायला नकार दिला. भूखंड अखंड पाहायचा, आणि अखंड पाहिले तर कंपनी गेली ६५ वर्षे चालवत होती तसेच स्थानक पुढेही चालवू शकते, दुकाने व कार्यालये भाड्याने देऊ शकते. जागेच्या सध्याच्या स्थितीतही वाजवी परतावा मिळू शकतो, हे कंपनीने स्वतःच वादापुरते मान्य केले होते. शिवाय वर काहीच बांधता येणार नाही असे आयोगाने कोठेही म्हटले नव्हते; त्याने नाकारले होते ते फक्त हे दोन टॉवर.

आणि मग हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपण ज्याला टीडीआर म्हणतो, तो मुद्दा. वारसा वास्तूवर न वापरलेले चटईक्षेत्र, म्हणजे नियमांनुसार बांधता येणारे पण न बांधलेले मजल्यांचे क्षेत्रफळ, जवळच्या भूखंडांवर नेण्याची मुभा शहराने दिली होती. ग्रँड सेंट्रलच्या बाबतीत असे किमान आठ भूखंड परिसरात होते आणि त्यांतले एक-दोन नव्या कार्यालयीन इमारतींना योग्य ठरले होते. मालमत्ता हिरावली गेली असे सिद्ध झाले असते तर हे हक्क पुरेसा मोबदला ठरले असते की नाही, यात न्यायालय शिरले नाही. पण ते मौल्यवान आहेत आणि निर्बंधाचा भार हलका करतात, हे त्याने नोंदवले.

न्यायमूर्ती विल्यम रेंक्विस्ट यांच्या असहमतीच्या मताला मुख्य न्यायाधीश बर्गर व न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा पाठिंबा होता. ते मत आजही काळजीपूर्वक वाचावे असे आहे. बांधकामाचे सर्वसाधारण नियम एका विभागातल्या सर्वांना बांधतात, त्यामुळे शेजाऱ्यावरच्या निर्बंधाचा लाभ प्रत्येकालाच मिळतो. वारसा घोषणा मात्र शहरातल्या लाखो इमारतींमधून चारशेच्या आसपास वेचून काढते आणि सर्व शहराने उपभोगायच्या सौंदर्याचा खर्च त्या थोड्यांच्या माथी मारते, असा त्यांचा आक्षेप होता. बहुमताने यावर शहराची एकूण वारसा योजना पुढे केली, पण आक्षेपातले मर्म त्यातून संपत नाही. माझ्या मते बहुमताचा निकाल योग्य होता. मात्र रेंक्विस्ट यांचा प्रश्न टीडीआर प्रत्यक्षात विकला जातो की नाही यावर सुटतो किंवा चिघळतो, आणि ते पाहण्यासाठी निकालानंतरचा काळ पाहावा लागतो.

निकालानंतर

वास्तू उभी राहिली म्हणजे जतन झाली, असे मुळीच नव्हते. १९७० आणि ८० च्या दशकांत ग्रँड सेंट्रलची छपरे गळत होती, प्रतीक्षागृहात बेघर माणसे राहत होती, आणि मुख्य दालनाच्या पूर्वेकडच्या खिडक्या १९५० पासून १९९० पर्यंत कोडॅक कंपनीच्या १८ फूट उंच व ६० फूट लांब प्रकाशित छायाचित्राआड झाकलेल्या होत्या. १९८० मध्ये अंतर्भागालाही वारसा दर्जा मिळाला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रो-नॉर्थ या सार्वजनिक उपनगरी रेल्वे संस्थेने आधी छपरे दुरुस्त केली, आणि ती ज्या महानगर परिवहन प्राधिकरणाचा भाग होती त्याने १९९४ मध्ये स्थानकाचा ११० वर्षांचा भाडेपट्टा घेतला. बेयर ब्लाइंडर बेल या वास्तुसंस्थेच्या आराखड्यानुसार झालेले जीर्णोद्धाराचे काम सुमारे २० कोटी डॉलर खर्चून पूर्ण झाले आणि १ ऑक्टोबर १९९८ रोजी स्थानकाचे पुनर्लोकार्पण झाले. मूळ आराखड्यात असलेला पण १९१३ मध्ये न बांधलेला पूर्वेकडचा संगमरवरी जिना तेव्हा बांधला गेला. छतावरच्या राशिचक्राचा काळपट थर काढताना एका कोपऱ्यात लहानसा चौकोन मुद्दाम न पुसता ठेवला, जेणेकरून किती मळ होता ते दिसावे.

दुकानांची नव्याने केलेली आखणी हा या जीर्णोद्धाराचा दुर्लक्षित भाग आहे. रोज लाखोंनी ये-जा करणाऱ्या प्रवाशांसमोर चांगली दुकाने, खाद्यगृहे आणि बाजार मांडल्यावर भाड्याचे उत्पन्न वाढले. न्यायालयाने १९७८ मध्ये 'वाजवी परतावा शक्य आहे' असे धरून चालले होते; तो खऱ्या अर्थाने दिसू लागला तो वीस वर्षांनी, आणि तोही सार्वजनिक पैसा ओतल्यावर.

टीडीआरची गोष्ट याहून रखडत गेली. १९७९ मध्ये सुमारे ७५ हजार चौरस फूट चटईक्षेत्र ४२व्या रस्त्याच्या पलीकडे फिलिप मॉरिस कंपनीच्या मुख्यालयासाठी वापरले गेले. मात्र नियम असा होता की हक्क लगतच्या, समोरच्या किंवा सलग एकाच मालकीच्या साखळीने जोडलेल्या भूखंडावरच नेता येत. पेन सेंट्रलने दिवाळखोरीनंतर भोवतालच्या जमिनी विकायला काढल्या, तशी ही साखळी तुटत गेली. जमिनीखालच्या रुळांची मालकी अजून सलग आहे, म्हणून साखळीही अखंड आहे, असा दावा करून मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या एका भूखंडावर मोठा हिस्सा नेण्याचा प्रयत्न झाला. १९८९ मध्ये शहराच्या नियोजन आयोगाने तो नाकारला. १९९२ मध्ये स्थानकाभोवती खास उपविभाग आखून घेणाऱ्या भूखंडांची व्याप्ती थोडी वाढवण्यात आली, तरीही १० लाख चौरस फुटांहून अधिक हक्क गिऱ्हाइकाविना पडून राहिले. ज्या हक्कांना सर्वोच्च न्यायालयाने मौल्यवान म्हटले होते, त्यांना बाजारात उतरण्यासाठी जागाच नव्हती.

२००६ मध्ये अर्जेंट व्हेंचर्स या गुंतवणूकदार कंपनीने स्थानकाची मालकी सुमारे ८ कोटी डॉलरला घेतली. भाडेपट्टा २१व्या शतकाच्या अखेरीनंतरपर्यंत सार्वजनिक प्राधिकरणाकडे असताना ही मालकी म्हणजे जवळजवळ निव्वळ टीडीआरची खरेदी होती. २०१५ मध्ये शहराने स्थानकाच्या पश्चिमेकडील व्हँडरबिल्ट ॲव्हेन्यूचा पट्टा नव्याने विनियमित केला. तेथे वन व्हँडरबिल्ट हा १,४०१ फूट उंच टॉवर बांधणाऱ्या एसएल ग्रीन कंपनीला, भुयारी रेल्वेच्या सुधारणांवर २२ कोटी डॉलर खर्च करण्याच्या मोबदल्यात, जादा चटईक्षेत्र थेट शहराकडून मिळाले. अर्जेंटचा रोष स्वाभाविक होता: शेजारी टीडीआर विकत घेणारच होता, पण शहराने त्याला दुसरीकडून चटईक्षेत्र देऊन आपला माल कवडीमोल केला. एक अब्ज डॉलरहून मोठ्या रकमेचा दावा लागला आणि २०१६ मध्ये तो तडजोडीने मिटला. जादा बांधकामाचा हक्क निर्माण करणारी सत्ता आणि वारसा वास्तूचा टीडीआर टिकवण्याची जबाबदारी असलेली सत्ता एकच असली की असा हितसंबंधांचा गुंता होणारच. एका हाताने नोटा छापायच्या आणि दुसऱ्या हाताने लोकांकडच्या जुन्या नोटांचे मोल सांभाळायचे, तसा हा प्रकार आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्व मिडटाउनचे, म्हणजे ग्रँड सेंट्रलभोवतालच्या भागाचे, नवे विभाग नियम संमत झाले आणि टीडीआरला अखेर मैदान मिळाले. सुमारे ७८ ब्लॉकच्या, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेल्या तेवढ्या चौकोनांच्या, परिसरातील कोणतीही वारसा वास्तू, मग ते ग्रँड सेंट्रल असो वा सेंट पॅट्रिक कॅथेड्रल, आपले न वापरलेले चटईक्षेत्र त्या परिसरात कोठेही विकू शकते. प्रत्येक विक्रीतला २० टक्के हिस्सा, अथवा दर चौरस फुटाला किमान ६१.४९ डॉलर, सार्वजनिक जागांच्या सुधारणा निधीत जातो, आणि विक्रेत्या वास्तूच्या देखभालीची सततची योजना मंजूर करून घ्यावी लागते. पुढच्याच वर्षी जेपी मॉर्गन चेस बँकेने ग्रँड सेंट्रलचे सुमारे ६ लाख ८० हजार चौरस फूट हक्क विकत घेऊन २७०, पार्क ॲव्हेन्यू या आपल्या नव्या मुख्यालयासाठी वापरले.

तेथे आधी काय होते, हे सांगितल्याखेरीज प्रकरण पूर्ण होत नाही. तेथे होती ५२ मजल्यांची, ७०७ फूट उंच, १९६० साली पूर्ण झालेली युनियन कार्बाइड इमारत. स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या संस्थेतील गॉर्डन बनशॅफ्ट आणि नॅटली द ब्लॉइस यांची ती रचना युद्धोत्तर आधुनिक वास्तुकलेचा उत्तम नमुना मानली जाई. तिला वारसा दर्जा नव्हता. २०१९ पासून ती मजल्यामजल्याने उतरवण्यात आली. मालकाने स्वेच्छेने पाडलेली ती तोवरची जगातील सर्वांत उंच इमारत ठरली. १९१३ च्या वास्तूला वाचवणारे चटईक्षेत्र १९६० च्या वास्तूच्या जागेवर जाऊन बसले. टीडीआरला दोष द्यावा असे यात नाही, कारण नव्या नियमांचा हेतूच जुनी कार्यालये पाडून मोठी उभारण्याचा होता. पण हक्क पाठवणाऱ्या वास्तूची छाननी जितकी बारकाईने होते, तितकी तो घेणाऱ्या जागेची होत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट दिसते. २०२० मध्ये महानगर परिवहन प्राधिकरणाने स्थानक आणि त्याला जोडलेले काही रेल्वेमार्ग साडेतीन कोटी डॉलरला विकत घेतले. खासगी मालकीचा अध्याय तेथे संपला.

मुंबईच्या संदर्भात

महाराष्ट्रात टीडीआर हा शब्द १९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीने रुळवला. आरक्षित भूखंड महापालिकेला देणाऱ्या मालकाला रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क देण्यासाठी तो आधी वापरला गेला, आणि १९९५ च्या वारसा नियमांनी वारसा वास्तूंच्या मालकांसाठीही त्याची वाट मोकळी केली. शहर भागात निर्माण झालेले हक्क त्या नियमावलीत उपनगरांकडे जात. न्यूयॉर्कची अडचण हक्क जायला जागा नसण्याची होती. मुंबईत जागा भरपूर मिळाली, पण ती फोर्टमधल्या वास्तूपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, जेथे रस्ते, पाणी आणि लोकलगाड्या आधीच तोकड्या पडत होत्या. ग्रँड सेंट्रलच्या टीडीआरचा भार आणि लाभ निदान एकाच परिसरात राहिला आणि त्याच परिसरातल्या भुयारी स्थानकांच्या व पदपथांच्या सुधारणेला त्यातून पैसा मिळाला.

त्याहून मोठा फरक निकालाच्या गृहीतकात आहे. ब्रेनन यांचा सारा युक्तिवाद वास्तूच्या चालू वापरातून मालकाला वाजवी परतावा मिळतो, या एका खांबावर उभा आहे. दक्षिण मुंबईतल्या जुन्या भाडेकरू इमारतींना तो लागू पडत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली आणि १९९९ च्या कायद्यानेही फारशी न वाढलेली भाडी दुरुस्तीच्या खर्चाच्या जवळपासही जात नाहीत. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १८६० च्या दशकात बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून, जहाजाने आणून उभारलेली ही इमारत. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ येथेच झाला. पुढे तिच्या खोल्यांचे तुकडे पडत कार्यालये आणि वकिलांच्या कचेऱ्या झाल्या, २००५ मध्ये सज्जांचा भाग कोसळून एकाचा बळी गेला, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. ती पाडावी, असे आयआयटी मुंबईच्या अहवालाने सुचवले. संवर्धन तज्ज्ञांनी त्याला विरोध केला.

अशा इमारतीच्या मालकाला टीडीआर दिला तरी तो पैसा दुरुस्तीवरच खर्च होईल, याची हमी कोणी द्यायची, आणि ज्या भाडेकरूचा जागेवरचा हक्क बाजारभावाने मालकाच्या हक्काहून किमती आहे त्याने त्या खर्चात किती वाटा उचलायचा, या प्रश्नांना ग्रँड सेंट्रलच्या निकालात उत्तर नाही, कारण तेथे ते उद्भवलेच नव्हते. पहिल्या प्रश्नापुरती २०१७ ची देखभाल योजनेची अट उचलण्याजोगी आहे: वास्तूच्या दुरुस्तीचा आराखडा मंजूर होऊन कामाचा पैसा वेगळ्या खात्यात बांधला गेल्याशिवाय विकास हक्काचे प्रमाणपत्र हातात पडू नये. दुसऱ्यासाठी भाडे कायद्यालाच हात घालावा लागेल, आणि ते काम वारसा समितीच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे.